'बास' म्हणणारा रेणू

गेल्या वर्षी ऐन गणपतीत बाबांचा चेक परत आला.

दचकू नका, अकाउंटमध्ये पैसे होते! आमचे बाबा म्हणजे दर महिन्याला पासबुक भरून आणणारा आणि त्याला रबरबँड लावून कपाटात ठेवणारा माणूस. कारण वेगळंच होतं. बँकेच्या मते सही जुळत नव्हती.

आता बाबांची सही हे आमच्या घरातलं एक प्रकरण आहे. पहिलं अक्षर पतंगासारखं वर उडालेलं, मागे लांबलचक शेपटी आणि खाली दोन ठसठशीत टिंबं. माझ्या प्रगतिपुस्तकात ती सही हमखास चौकटीबाहेर जायची आणि बाई मलाच ओरडायच्या. परत आलेल्या चेकवर पतंगही नव्हता आणि शेपटीही. होती ती मुंग्यांची एक छोटीशी रांग, पुढे पुढे आणखी बारीक होत गेलेली.

खरं सांगू? हे मी आधी पाहिलं होतं. वाणसामानाच्या यादीतलं त्यांचं अक्षर दोन वर्षं आकसत चाललं होतं. "बाबा, शाईचे भाव वाढलेत का?" असा एक पीजेही मी मारला होता. तेही हसले होते. आता तो पीजे आठवला की पोटात कसंतरीच होतं.

न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. मला वाटलं होतं, आता मोठमोठी मशिन्स, रिपोर्टांची चळत वगैरे. डॉक्टरांनी काय केलं? बाबांना खोलीत चालायला लावलं. अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला लावली. मनगट धरून हलवून पाहिलं. मग एक कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, "काका, एक वाक्य लिहा बघू." बाबांनी लिहिलं, 'आज पाऊस चांगला आहे.' 'आज' वाचता येत होतं. 'आहे'पर्यंत पोचेपर्यंत भिंग लागलं असतं.

निदान : पार्किन्सन्स. आणि त्या आकसणाऱ्या अक्षराला नाव आहे, मायक्रोग्राफिया.

मग घरी येऊन आम्ही तिघं मागचं आठवत बसलो. चालताना बाबांचा उजवा हात हलायचा बंद झाला होता. ते झोपेत ओरडायचे, एकदा तर आईला चक्क लाथ बसली होती. आणि चारेक वर्षांपूर्वी गॅसवर दूध करपून घरभर वास सुटलेला असताना हे शेजारच्याच खोलीत शांतपणे पेपर वाचत बसले होते. आई तेव्हा जाम भडकली होती. वास न येणं, झोपेत हातपाय झाडणं ही लक्षणं हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी दिसू शकतात, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं!

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ मध्ये या आजाराचं पहिलं नीट वर्णन लिहिलं ते सहा माणसांना पाहून. त्यातली काही तर त्यांनी नुसती रस्त्यात येता-जाता पाहिलेली. आणि मी? एकाच घरात राहून पीजे मारत होते.

कार्टमध्ये भविष्य

आता तुम्ही म्हणाल, ही आज आपल्याला रडवायला बसलीय. नाही हो. गंमत पुढेच आहे.

निदानाला पंधरा दिवस होत नाहीत तोवर ऑफिसात एक फॉरवर्ड आला. एका वेलनेस पॅकेजचा. सकाळी घरी येऊन रक्त नेणार आणि 'अत्याधुनिक मायक्रोआरएनए तंत्रज्ञानाने' मेंदूच्या आजारांचा धोका वर्षानुवर्षं आधी सांगणार. पार्किन्सन्सचं नाव ठळक अक्षरांत. वर फॅमिली ऑफर, दोघांवर तिसरा फ्री!

लंच टाइममध्ये मी तिघांची नावं टाकून मोकळी झाले. बाबा, मी आणि धाकटा भाऊ. मी एकतीस वर्षांची. माझी सही, सांगायला नको, पतंगाचीच आहे. त्या दिवसांत मी मीटिंगमध्ये वहीच्या कोपऱ्यात स्वतःचीच सही करून बघायचे. लहान झाली का? थोडी झाली का?

पैसे भरायच्या आधी कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी मामेबहिणीला मेसेज टाकला. ती मॉलिक्युलर बायॉलॉजीवाली. आम्ही शॉपिंग करतो तशी ती जीन्सची (घालायच्या नाहीत, पेशीतल्या!) नावं घेते. तिचं उत्तर आलं, "पैसे भरू नकोस. शनिवारी वैशालीत भेट."

आचारी, चिठ्ठी आणि आत्या

"आधी मायक्रोआरएनए म्हणजे काय ते सांग," ताई म्हणाली.

"काहीतरी छोटं आरएनए," मी म्हटलं. दहावीला सायन्समध्ये ८९ होते, त्याचा हा एकूण निचरा.

तिने समोरची एसपीडीपी बाजूला सरकवली. (यावरून विषयाचं गांभीर्य लक्षात घ्या.)

"असं समज, तुझ्या प्रत्येक पेशीत आजीची पाककृतींची वही आहे. ती वही कपाटात कुलपात असते, बाहेर काढायची नाही. ही वही म्हणजे डीएनए. लाडू करायचे असले की त्या पानाची एका चिठ्ठीवर नक्कल करायची आणि ती आचाऱ्याला नेऊन द्यायची. ती चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए. आचारी चिठ्ठी वाचतो आणि लाडू वळतो. लाडू म्हणजे प्रोटीन. पण एक लोचा आहे. चिठ्ठी समोर असेपर्यंत आचारी लाडू वळतच राहतो. त्याला थांबवणार कोण?"

"आत्या," मी म्हटलं. आमच्याकडच्या लग्नांत हे काम तिचंच.

"करेक्ट! आत्या येते, चिठ्ठीवर हात ठेवते आणि म्हणते, 'आता बास.' मायक्रोआरएनए म्हणजे ती आत्या. जेमतेम बावीस अक्षरांचा तुकडा. त्याच्यापासून स्वतः कुठलंच प्रोटीन तयार होत नाही. तो नेमक्या चिठ्ठीला जाऊन चिकटतो आणि लाडूंचं प्रमाण आटोक्यात ठेवतो. बहुतेक वेळा काम पूर्ण बंद नाही पाडत, कमी करतो. आणि एकेक आत्या शेकडो चिठ्ठ्या सांभाळते."

माणसात अशा हजारावर आत्या आहेत म्हणे. विचार करूनच मला घाम फुटला.

याचा शोध कसा लागला, तो किस्साही भारी आहे. १९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर अँब्रॉस आणि गॅरी रुवकुन हे दोघं आपापल्या प्रयोगशाळेत मिलिमीटरभर लांबीच्या एका किड्याचा अभ्यास करत होते. त्या किड्यात अँब्रॉस यांच्या गटाला हा बावीस अक्षरांचा तुकडा सापडला आणि तो कुठल्या चिठ्ठीवर हात ठेवतो, हे रुवकुन यांच्याकडच्या प्रयोगांशी ताडून बघितल्यावर कळलं. अँब्रॉस यांच्या त्या पेपरवर पहिलं नाव होतं रोझलिंड ली यांचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं.

आणि जगाने काय केलं? जांभई दिली. किड्याची काहीतरी भानगड असेल, आपल्याला काय त्याचं! सात वर्षांनी, २००० मध्ये, रुवकुन यांच्या गटाला असाच दुसरा तुकडा मिळाला आणि तो माशीपासून माणसापर्यंत सगळ्यांत निघाला. तेव्हा कुठे सगळे खडबडून जागे झाले. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल अँब्रॉस आणि रुवकुन यांना मिळालं ते याच शोधासाठी.

'काय' नाही, 'किती'

"हे सगळं ठीक आहे," मी म्हटलं, "पण यात बाबा कुठे आले?"

ताई म्हणाली, "बाबांच्या मेंदूच्या बुडाशी एक छोटासा काळसर भाग आहे. नावच सबस्टॅन्शिया नायग्रा, लॅटिनमध्ये काळा पदार्थ. तिथल्या पेशी डोपामाइन बनवतात आणि त्यामुळे आपल्या हालचाली सफाईदार होतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात."

मरणाऱ्या पेशींमध्ये एका प्रोटीनचे गोळे साचलेले सापडतात. प्रोटीनचं नाव अल्फा-सायन्युक्लीन. हे काही बाहेरून आलेलं विष नाही. तुमच्या-माझ्या मेंदूत आत्ता, हे वाचतानाही ते आहे. मग प्रॉब्लेम कुठे होतो?

त्याचं एक उत्तर २००३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका घराण्याने दिलं. या घराण्यात पार्किन्सन्स पिढ्यान् पिढ्या येत होता, तोही लवकर आणि जोरात. शास्त्रज्ञांनी त्यांचं अल्फा-सायन्युक्लीनचं जीन तपासलं. त्यात एकही चूक नव्हती! पाककृती अगदी आजीच्या हातची. फक्त वहीत तेच पान जास्तीचं चिकटवलेलं. आपल्याकडे त्या जीनच्या दोन प्रती असतात, आईकडून एक, बाबांकडून एक. यांच्याकडे एकूण चार. पुढे तीन प्रती असलेली घराणीही सापडली. त्यांच्यात आजार साधारणपणे उशिरा आणि सौम्य. चार प्रती, तर लवकर आणि तीव्र.

लक्षात येतंय का? लाडू बिघडलेला नव्हता. लाडू जास्त होते.

मला हे ऐकून एकदम गप्प व्हायला झालं. आजार म्हणजे काहीतरी तुटलं, काहीतरी घुसलं, असं आपल्या डोक्यात असतं. इथे सगळं बरोबर असून नुसतं प्रमाण चुकलं, तरी माणसाची सही हरवते.

आणि प्रमाण म्हटलं की आत्या आलीच. २००९ मध्ये न्यूजर्सीतल्या एका गटाने दाखवलं की मिर-७ नावाचा मायक्रोआरएनए (ऐकायला मिरपुडीचा भाऊ वाटतो, पण असो) अल्फा-सायन्युक्लीनच्या चिठ्ठीवर थेट हात ठेवतो. तो वाढवला की पेशीत हे प्रोटीन कमी होतं. २०१० मध्ये ग्रीसमधल्या एका संशोधकाने त्याच चिठ्ठीवर हात ठेवणारा दुसरा शोधला, मिर-१५३. पुढे पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या त्या काळ्या भागात मिर-७ कमी असल्याचंही दिसलं.

"म्हणजे आत्या रिटायर झाली आणि लाडू वाढले!" मी टेबलावर हात आपटला. "सापडलं की कारण!"

"थांब," ताई म्हणाली. "इतक्या लवकर नाचायचं नाही. एकदा तोंड पोळलंय आमचं."

वडापावचा न्याय

२००७ ची गोष्ट. 'सायन्स' या नामवंत नियतकालिकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटाचा पेपर आला. पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत, जिथे डोपामाइनवाल्या पेशी असतात तिथे, मिर-१३३बी नावाचा मायक्रोआरएनए कमी सापडला होता. डोपामाइनच्या पेशी घडवण्यात त्याचा मोठा हात आहे, असं प्रयोगशाळेतल्या पेशींवरून वाटत होतं. या क्षेत्रात एकदम उत्साहाची लाट आली. हाच तो!

मग २०१२ मध्ये दुसऱ्या एका गटाने साधा प्रश्न विचारला. उंदरातून हा मिर-१३३बी जन्मापासून काढूनच टाकला तर? त्यांनी तसे उंदीर तयार केले. आणि त्या उंदरांच्या डोपामाइनच्या पेशी? ठणठणीत. संख्या ठीक, काम ठीक.

"मग रुग्णांमध्ये तो कमी कसा होता?" मी विचारलं.

ताईने मला उलट विचारलं, "तुझ्या ऑफिसच्या गेटवर रविवारी वडापाव किती विकले जातात?"

"शून्य. गाडीच नसते."

"मग वडापाव संपले म्हणून ऑफिस बंद पडलं, असं म्हणशील का? जी पेशी तो मायक्रोआरएनए बनवते ती पेशीच मेली, तर मेंदूत तो कमीच सापडणार ना! कमी आहे हे दिसणं वेगळं आणि तो कमी झाल्यामुळे आजार झाला हे सिद्ध होणं वेगळं."

बॉस, आपण ऑफिसात रोज डॅशबोर्ड बघतो. दोन रेषा एकत्र खाली गेल्या की एकीने दुसरीला ढकललं, असं प्रेझेंटेशन ठोकून देतो. ही चूक किती सोपी आणि किती महाग असते, हे मला त्या दिवशी वडापावाने शिकवलं.

मिर-७ या परीक्षेत जास्त टिकला, हेही सांगायला हवं. २०१७ मधल्या एका अभ्यासात उंदरांमध्ये मिर-७ चा हात चिठ्ठीवरून उठवला, तेव्हा अल्फा-सायन्युक्लीन साचलं आणि डोपामाइनच्या पेशीही कमी झाल्या. म्हणजे या आत्याचा संशय पक्का होत चाललाय. पण उंदीर म्हणजे बाबा नाहीत आणि पार्किन्सन्सचं कारण एकच, असंही नाही.

मग टेस्टचं काय?

आता येते माझ्या कार्टची पाळी.

मायक्रोआरएनए रक्तातही सापडतात आणि बऱ्यापैकी टिकतात. त्यामुळे रक्तातून आजार ओळखायचं स्वप्न अगदीच हवेतलं नाही. जगभर त्यावर भरपूर काम चालू आहे. अडचण अशी, की एका गटाची यादी दुसऱ्याच्या यादीशी नीट जुळत नाही. एकाकडे जो वाढलेला, तो दुसऱ्याकडे कमी किंवा जागच्या जागी. कारणं अनेक. रक्त काढताना थोड्या लाल पेशी फुटल्या तरी त्यांच्यातले मायक्रोआरएनए बाहेर सांडतात आणि आकडे बदलतात. चालू असलेली औषधं, वय, दुसरं काही दुखणं, सगळं त्यात मिसळतं. पार्किन्सन्सच्या निदानासाठी डॉक्टरांच्या रोजच्या वापरात आज तरी अशी एकही मायक्रोआरएनए टेस्ट नाही.

पुढे काहीच सरकलेलं नाही, असंही नाही हं. २०२३ मध्ये अकराशेवर लोकांवर केलेल्या एका अभ्यासात पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून बिघडलेलं अल्फा-सायन्युक्लीन ओळखता आलं. पार्किन्सन्स असलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के जणांमध्ये ते सापडलं. ही मोठी झेप आहे. पण ती मायक्रोआरएनएची नाही, आणि ती सुई घरी येऊन सकाळी साताला टोचून जाण्यातली नाही.

"समजा," ताईने विचारलं, "रिपोर्ट आला की तुला धोका आहे. तू काय करशील?"

मी विचार केला. व्यायाम करेन. नीट झोपेन. बाबांकडे लक्ष देईन.

"आणि धोका नाही असं आलं तर?"

"...तेच करेन."

"मग एवढे पैसे कशाचे?"

मी गप्प. तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवला. "तुला टेस्ट नकोय गं. खात्री हवीय. बहुतेक रुग्णांमध्ये हा आजार सरळसरळ वारशाने आलेला नसतो, एवढं मी तुला सांगू शकते. त्यापुढची खात्री कुठल्याच लॅबमध्ये मिळत नाही."

मी फोन काढला आणि कार्ट रिकामं केलं. मग एसपीडीपी संपवली. तिचीसुद्धा.

औषध कधी येणार?

हा प्रश्न मी विचारला नसता तर आईने फाडून खाल्लं असतं. मिर-७ कमी आहे ना, मग बाहेरून द्या की!

पहिली अडचण, मेंदूचा वॉचमन. रक्तातून मेंदूत शिरणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तो आडवतो आणि आरएनएचे तुकडे सहजासहजी आत सोडत नाही. दुसरी, आत्या फक्त एका चिठ्ठीची नसते. हाच मिर-७ स्वादुपिंडातही असतो आणि तिथे इन्सुलिनच्या कामात लक्ष घालतो. मेंदूत लाडू कमी करायला पाठवलेली आत्या वाटेत दुसऱ्याच घराचा स्वयंपाक थांबवून बसली तर? हा नुसता भीतीचा बागुलबुवा नाही. कॅन्सरसाठी मिर-३४ ची नक्कल माणसांना देऊन पाहिली, ती चाचणी रुग्णांमध्ये प्रतिकारशक्तीचे गंभीर दुष्परिणाम दिसल्यावर २०१६ मध्ये थांबवावी लागली.

आशा कुठे आहे? हंटिंग्टन्स या मेंदूच्या दुसऱ्या आजारात, जिथे दोषी जीन एकच आणि ते नेमकं माहीत आहे. तिथे शास्त्रज्ञांनी चक्क कृत्रिम मायक्रोआरएनए घडवला, निरुपद्रवी विषाणूत भरला आणि ऑपरेशन करून थेट मेंदूत सोडला. २०२० मध्ये पहिल्या रुग्णांना तो दिला गेला. म्हणजे वॉचमनला वळसा घालता येतो. पार्किन्सन्ससाठी मायक्रोआरएनएचं औषध मात्र अजून दुकानात नाही, आणि कोणी देतो म्हणाला तर तिथून पळ काढा.

किती आणि कधी

मग हे सगळं ऐकून माझ्या हाती काय लागलं? एक शब्द. प्रमाण.

बाबांची गोळी लेव्होडोपाची. मेंदूत गेल्यावर तिचं डोपामाइन होतं. ती किती घ्यायची याइतकंच कधी घ्यायची हेही महत्त्वाचं. अर्धा-पाऊण तास उशीर झाला की बाबांचे पाय जमिनीला चिकटतात. डाळ, पनीर, अंडी अशा प्रथिनांच्या जेवणाबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही, म्हणून डॉक्टरांनी जेवणाच्या अर्धा तास आधीची वेळ दिलीय. माझ्या फोनवर आता दिवसातून चार अलार्म वाजतात. क्लायंट कॉल चालू असला तरी मी म्यूट करून घरी फोन लावते, "बाबा, घेतली?" टीमला आता सवय झालीय. एकदा मी सुट्टीवर होते तर टीम लीडनेच मेसेज टाकला, 'बाराची गोळी?'

मध्ये काका कवचबीजाची पावडर घेऊन आले. "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही!" आता गंमत अशी, की काका अगदीच चुकीचे नव्हते. कवचबीज म्हणजे आपली खाजकुयली. तिच्या बियांमध्ये खरंच लेव्होडोपा असतो, १९३७ मध्येच भारतीय संशोधकांनी तो त्यातून वेगळा करून दाखवला होता. पण त्या चमच्यात नेमका किती? आणि गोळीतला अधिक चमच्यातला मिळून किती? पुन्हा तोच शब्द! मी काकांना चहा दिला आणि डबा डॉक्टरांकडे नेला. डॉक्टरांना न विचारता घ्यायचा नाही, एवढं ठरलं. काका थोडे रुसले. चालायचंच.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्णाला 'शुभार्थी' म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर'. 'पेशंट' आणि 'केअरटेकर'पेक्षा किती छान वाटतं ना? आईने हे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे माझं प्रमोशन झालं म्हणायचं!" त्या दिवशी बाबा मोठ्याने हसले. पार्किन्सन्सने चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, त्यामुळे हल्ली आम्ही त्यांचं हसू मोजतो.

आता अक्षराचं काय? थेरपिस्टने सांगितलं, रेघांच्या कागदावर, मुद्दाम मोठं मोठं लिहायचं. रेघ समोर असली की हाताला आधार मिळतो. मी शाळेच्या दुकानातून दुरेघी वही आणली. तीच, जिच्यावर बाबांनी मला दुसरीत रोज एक पान शुद्धलेखन घालायला लावलं होतं आणि वेलांटी रेघेबाहेर गेली की पुन्हा लिहायला लावलं होतं. आता रोज रात्री जेवण झालं की आम्ही डायनिंग टेबलावर बसतो. ते लिहितात, मी बघते.

गेल्या आठवड्यात बँकेत जाऊन सहीचा नवा नमुना देऊन आलो. काउंटरवरच्या मुलीने घाई केली नाही, हे तिचे उपकार. पतंग पूर्वीइतका उंच नाही, शेपटीही आखूड झालीय. पण दोन्ही टिंबं आहेत, ठसठशीत.

त्याच रात्री मी उत्साहाच्या भरात वही पुढे ओढली. "बाबा, आज मस्त जमतंय, अजून एक पान होऊन जाऊ दे!"

बाबांनी पेन खाली ठेवलं, वहीवर आडवा हात ठेवला आणि म्हणाले, "अगं, आता बास."